पांढरी फीत आणि १५ मिनिटांचा चहा

सदाशिव पेठेत, टिळक रस्त्यापासून चालत पाचेक मिनिटांवर, एका जुन्या न्यासाच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर साधारण ९० खुर्च्यांचे एक सभागृह आहे. तेथे सकाळी योगवर्ग भरतो, दुपारी भजनी मंडळ बसते आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी ५:३० वाजता एक फिल्म सोसायटी आपल्या सभासदांना परदेशी चित्रपट दाखवते. सोसायटीचे नाव मी येथे देत नाही, कारण ‘नाव छापू नका, लोक फोन करतात आणि मग फोन घ्यायला माणूस लागतो’ असे तिच्या चिटणीसबाईंनी मला स्पष्ट शब्दांत बजावले. वार्षिक वर्गणी १२०० रुपये असून त्यात वर्षाचे १२ खेळ बघायला मिळतात. सभासदाला प्रत्येक खेळाला एक पाहुणा आणता येतो आणि त्या पाहुण्याने १५० रुपये भरून पावती घ्यायची असते. माझी मावसबहीण तेथील जुनी सभासद आहे. ‘दादा, एकदा येऊन बघ, मग काय नावे ठेवायची ती ठेव,’ असे ती वर्षभर म्हणत होती, आणि शेवटी जानेवारीतल्या खेळाला मी तिचा पाहुणा म्हणून गेलो.

त्या दिवशी मिखाएल हानेके यांचा ‘द व्हाइट रिबन’ होता. हा २००९ सालचा जर्मन भाषेतला चित्रपट; त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पाम दोर पुरस्कार त्याला मिळाला. लांबी २ तास २४ मिनिटे, सगळा कृष्णधवल. पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या आधीच्या वर्षभरात आइशवाल्ड नावाच्या एका काल्पनिक जर्मन खेड्यात एकामागून एक विचित्र दुर्घटना घडत जातात. दोन झाडांना बांधलेल्या तारेला अडखळून डॉक्टरांचा घोडा कोसळतो, जमीनदार बॅरनचा लहान मुलगा मार खाल्लेल्या अवस्थेत सापडतो, एक कोठार जळते, सुईणीच्या मतिमंद मुलाच्या डोळ्यांना भयंकर इजा केली जाते, आणि हे कोण करते आहे ते कोणालाच उमगत नाही. ही हकीकत आपल्याला सांगतो तो त्या गावचा शाळामास्तर, आणि तीही म्हातारपणी, आठवून आठवून. आपण सांगतो ते सगळे खरेच असेल याची खात्री नाही, हे तो सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

महिन्याच्या रविवारी संध्याकाळी, घरून पोहे खाऊन, पोराबाळांना आजीकडे ठेवून आलेल्या ७०-८० माणसांपुढे हा चित्रपट लावायचा निर्णय घ्यायला धाडस लागते, आणि ते श्रेय निवड करणाऱ्यांना आधीच देऊन टाकतो. अशा मंडळांचा कल बहुधा सोप्या गोडव्याकडे असतो. सायकल चोरीला गेलेला बाप, बूट हरवलेली भावंडे, गावाला आलेले फिरते सिनेमागृह हे सगळे आपण डोळे पुसत पुसत पुष्कळदा पाहिलेले आहे. येथे मात्र डोळे पुसण्याची सोय नाही. या चित्रपटात लहान मुले आहेत आणि त्यांची भीती वाटते, आणि ही भीती घेऊन घरी जायचे असते.

सभागृहात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात, कारण सकाळी त्याच फरशीवर योगवर्गाच्या सतरंज्या पडतात. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु जानेवारीतल्या संध्याकाळी शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवून बर्फाने झाकलेले आइशवाल्ड पाहताना ती क्षुल्लक राहत नाही. पहिल्या अर्ध्या तासातच माझ्या शेजारच्या गृहस्थांनी पाय खुर्चीवर घेऊन मांडी घातली. तेथे नेहमी येणारे लोक मोजे घालूनच येतात असे नंतर लक्षात आले; पाहुण्यांना कोणीतरी आधी सांगायला हवे.

आता प्रक्षेपणाबद्दल. चित्रपट ब्लू-रे तबकडीवरून दाखवला गेला आणि प्रोजेक्टर बऱ्यापैकी चांगल्या प्रतीचा होता, पण कृष्णधवल चित्रपटाला प्रोजेक्टरपेक्षाही काळोख जास्त लागतो. ‘द व्हाइट रिबन’ची सुरुवातच संपूर्ण काळ्या पडद्यावर होते. मास्तरचा म्हातारा, थकलेला आवाज आधी ऐकू येतो आणि त्यानंतर इतक्या सावकाश चित्र उजळत जाते की आपले डोळेच अंधाराला सरावत आहेत असे वाटावे. छायालेखक ख्रिस्तियान बर्गर यांनी हा चित्रपट रंगीत चित्रित करून नंतर त्यातील रंग काढून टाकले, आणि त्यामुळे त्यातल्या करड्या छटा जुन्या चित्रपटांसारख्या मऊ न राहता कोरल्यासारख्या धारदार झाल्या आहेत. सदाशिव पेठेत मात्र पहिली दोन मिनिटे पडद्यावर काळा रंग नव्हताच; झरोक्यातून रस्त्यावरच्या दिव्याचा एक पिवळा पट्टा आडवा येऊन नेमका पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर पडला होता. मी मनात तक्रारीची वाक्ये जुळवू लागलो होतो, तेवढ्यात मागून एक तरुण कार्यकर्ता शिडी घेऊन आला, वर चढला आणि योगवर्गाची एक निळी सतरंजी त्याने झरोक्यावर टाकून दोन्ही बाजूंनी खिळ्यांना अडकवली. ते खिळे तेथे आधीपासूनच होते, म्हणजे हा उपाय दर महिन्याला होत असणार. मग खेळ सुरू होण्याआधी का होत नाही, हे मी विचारले नाही. पुण्यात असे प्रश्न विचारणाऱ्याला समितीवर घेतात.

सबटायटल्स इंग्रजीत होती, आणि येथे एक अडचण आली ती सोसायटीच्या हाताबाहेरची आहे. अक्षरे पांढरी आणि हिवाळ्यातल्या प्रसंगांत जमीनही पांढरी, त्यामुळे मास्तर बर्फातून चालत असताना त्याच्या निवेदनाच्या काही ओळी बर्फातच विरून गेल्या. सभासदांत साठी ओलांडलेले पुष्कळ आहेत आणि मास्तरचे निवेदन घट्ट विणीचे आहे. एक ओळ सुटली की कोणाचा कोण मुलगा याचा धागा हातातून निसटतो. चौथ्या ओळीतून ‘कारभाऱ्याचा की पाद्र्याचा?’ अशी हलकी पृच्छा दोन-तीनदा झाली. पात्रांची यादी असलेला एक कागद प्रवेशद्वाराशी ठेवला असता तर हे टळले असते. बॅरन, त्याचा कारभारी, पाद्री, डॉक्टर, सुईण, शेतकरी अशा घरांप्रमाणे मुलांची नावे मराठीत लिहून दिली असती तर माझ्या बहिणीला तिसऱ्या घटनेपर्यंत मला कोपराने ढोसावे लागले नसते.

असा एक कागद दिला गेला होता हे खरे, पण तो वेगळ्याच कामाचा होता. त्यात दिग्दर्शकाची ओळख होती. हानेके ऑस्ट्रियन, १९४२ साली म्युनिकमध्ये जन्मलेले, पुढे २०१२ साली त्यांच्या ‘आमूर’लाही पाम दोर मिळाला, इथपर्यंत सगळे ठीक होते. परंतु त्यानंतर दुसऱ्याच परिच्छेदात ‘ही मुले पुढे मोठी होऊन नाझी राजवटीत सामील होणार आहेत, हे प्रेक्षकांनी लक्षात ठेवावे’ असे ठळक अक्षरांत छापले होते. खेळाच्या आधी वाटलेल्या कागदावर हे असू नये. १९१३ साली १० वर्षांचे असलेले मूल १९३३ साली ३० वर्षांचे होते हा हिशोब प्रेक्षकाला करता येतो. त्याचा त्याला तो अर्ध्या चित्रपटात अचानक सुचला तर अंगावर काटा येतो, आणि कागदावर आयता मिळाला तर तो पुढचे दोन तास शाळेतल्या पोराप्रमाणे उत्तराशी गणित जुळवत बसतो. माझ्या पुढच्या ओळीतले एक गृहस्थ तर प्रत्येक मुलाच्या प्रवेशाला समजल्यासारखी मान डोलावत होते.

ध्वनीच्या बाबतीत मात्र सोसायटीला पूर्ण गुण. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. कोणी पियानो वाजवतो, कोणी गातो, चर्चमध्ये मुले स्तोत्र म्हणतात, तेवढेच संगीत. बाकी सगळा पाऊलांचा, दारांचा, चमच्यांचा आवाज. खेळ सुरू होताच सभागृहातले सगळे पंखे बंद केले गेले आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी उशिरा आलेल्या एका जोडप्याला पहिला प्रसंग संपेपर्यंत बाहेर थांबवले. मोबाइल एकदाही वाजला नाही. लक्ष्मी रस्त्याच्या दिशेने अधूनमधून एखाद्या रिक्षाचा हॉर्न यायचा, पण तो फार लांबचा वाटायचा. डॉक्टरांचा लहानगा मुलगा आपल्या बहिणीला मरण म्हणजे काय ते विचारतो तो प्रसंग या शांततेत मी पहिल्यांदाच नीट ऐकला. सगळे मरतात का? तू पण? बाबा पण? मी पण? आणि मग थोडे थांबून, म्हणजे आई परगावी गेलेली नाही तर? त्या पोराचा प्रत्येक प्रश्न आधीच्या प्रश्नाहून किंचित सावकाश येतो, आणि मधल्या जागेत फक्त चमचा वाजतो.

‘पहिल्यांदाच नीट ऐकला’ असे म्हणालो, कारण चित्रपट मी आधी घरी पाहिलेला होता, लॅपटॉपवर, कानाला हेडफोन लावून. आणि घरी पाहताना मी एका जागी तो थांबवला होता. पाद्र्याची दोन मोठी मुले, क्लारा आणि मार्टिन, संध्याकाळी उशिरा घरी येतात. बाप शांतपणे शिक्षा सुनावतो: आज कोणीही जेवायचे नाही, आणि उद्या याच वेळी दोघांना छडीचे दहा दहा तडाखे. वर तो हेही सांगतो की आज रात्री तुमच्या आईला आणि मला झोप लागणार नाही, कारण तुम्हाला मारताना तुमच्यापेक्षा आम्हालाच जास्त लागणार आहे. मुले एकेक करून आईबापांच्या हाताचे चुंबन घेऊन झोपायला जातात. दुसऱ्या दिवशी कॅमेरा घराच्या बोळात उभा राहतो. मुले खोलीत जातात, दार लागते. मग मार्टिन बाहेर येतो, बोळ ओलांडून दुसऱ्या खोलीत जातो, छडी घेऊन परत येतो, पुन्हा आत जातो आणि दार पुन्हा लागते. आपण बोळातच. काही क्षण काहीही होत नाही. त्यानंतर आवाज येतो.

घरी त्या ‘काही क्षणां’त मी स्पेसबार दाबला होता. उठून पाणी प्यायलो होतो, खिडकीतून खाली दूधवाल्याशी उगाच दोन शब्द बोललो होतो आणि मग परत येऊन बसलो होतो. तेव्हा ते माझ्या लक्षातही आले नव्हते. त्या बंद दारापुढे दिग्दर्शकाने मला उभे केले होते आणि मी माझ्यापुरते आणखी एक दार लावून घेतले होते. सदाशिव पेठेत ते जमले नाही. ७०-८० माणसे त्या बोळाकडे पाहत बसली होती. मागच्या ओळीत कोणीतरी शेंगदाण्याची पुडी हळूहळू उलगडत होते, ती उलगडणे मध्येच थांबले आणि पुडी तशीच अर्धवट हातात राहिली. आवाज आल्यावर ती पुन्हा मिटण्याचाही आवाज आला. शेंगदाणे त्यानंतर कोणी खाल्ले नाहीत. घरातल्या पडद्यावर फुकट मिळणाऱ्या चित्रपटासाठी माणसाने १५० रुपये देऊन, अनवाणी पायांनी, कडक खुर्चीवर का बसावे, याचे माझ्यापुरते उत्तर त्या अर्ध्या उलगडलेल्या पुडीत आहे. तेथे थांबवायचे बटण आपल्या हातात नसते.

आणि म्हणूनच मध्यंतराबद्दल लिहिणे भाग आहे.

सुगीच्या उत्सवाच्या रात्री बॅरनचा मुलगा बेपत्ता होतो आणि नंतर मार खाल्लेल्या अवस्थेत सापडतो. त्यानंतर बॅरन चर्चमध्ये जमलेल्या गावकऱ्यांपुढे उभा राहून सांगतो की ज्याने हे केले तो याच जागी, आपल्यामध्ये बसलेला आहे. चर्चमधली माणसे एकमेकांकडे बघत नाहीत. सभागृहातलीही बघत नव्हती. आणि त्यानंतर मिनिटभरात पडद्यावर चित्र गोठले, कोपऱ्यात दोन उभ्या रेघांचे चिन्ह उमटले, ट्यूबलाइटी फडफडत लागल्या आणि खणखणीत आवाजात घोषणा झाली: ‘१५ मिनिटे मध्यंतर. चहा आणि बटाटेवडे खाली उपलब्ध आहेत.’

वडे उत्तम होते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. आले-मिरची सढळ हाताने घातलेली, वर लसणाची कोरडी चटणी, आणि चहाही पातळ नव्हता. पण खाली अंगणात उभे राहून पाहिले तर काय घडले होते? आत एका गावाच्या संशयाखाली दबून बसलेली माणसे बाहेर येताच गुप्तहेर झाली होती. ‘माझा डॉक्टरवर संशय आहे.’ ‘छे हो, डॉक्टरलाच पाडलेय ना आधी, ती कारभाऱ्याची पोरे बघा.’ ‘मोठी मुलगी आहे सगळ्याच्या मागे, तिचे डोळे बघितलेत का?’ हातात वडा, तोंडात वडा आणि चर्चेत अकरा-बारा वर्षांची मुले. तोवर जे आत साठत होते ते लसणाच्या चटणीबरोबर पोटात गेले, आणि परत येऊन बसल्यावर चित्रपटाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दुसऱ्या भागातली पहिली वीसेक मिनिटे सभागृह सैल होते. कोणी खोकत होते, कोणी पायाने खुर्ची सारखी करत होते.

मी याबद्दल चिटणीसबाईंना विचारले. त्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. सभासदांपैकी निम्म्याहून अधिक ज्येष्ठ आहेत, इमारतीत स्वच्छतागृह एकच आणि तेही तळमजल्यावर, आणि चहा-वड्यांतून मिळणारे पैसे सभागृहाच्या भाड्याला लागतात. ‘मध्यंतर बंद केले तर वर्गणी १८०० करावी लागेल, आणि मग तुम्हीच लिहाल की महाग आहे,’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यात तथ्य आहे. मी लिहिलेच असते. तरीही माझे म्हणणे असे की चहा आणि वडे चित्रपटाच्या आधी ठेवता येतील. ५ वाजता खाणे, ५:३० ला खेळ, आणि ज्यांना मध्ये उठावे लागेल त्यांच्यासाठी दाराजवळच्या दोन ओळी राखून ठेवाव्या. अडीच तासांचे कीर्तन मध्यंतराशिवाय ऐकणाऱ्या शहराला एवढे जड जाऊ नये. आणि निदान मध्यंतर कोठे करायचे हे घड्याळाने ठरवू नये. कोणीतरी चित्रपट आधी बघून जागा नेमून द्यावी.

दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे ज्याने सभागृह पुन्हा आवळले गेले. पाद्र्याच्या सर्वांत धाकट्या मुलाला, गुस्ताफला, एक जखमी पक्षी सापडलेला असतो आणि त्याने बापाकडे तो पाळण्याची परवानगी मागितलेली असते. बरा झाल्यावर त्याला सोडून द्यावे लागेल, या अटीवर बाप परवानगी देतो. पुढे बापाचा स्वतःचा लाडका पोपट मारला जातो. कोणी मारला ते चित्रपट या बाबतीत आपल्याला दाखवतो, आणि कात्री ज्या पद्धतीने ठेवलेली असते ते मी येथे सांगत नाही. मग तो छोटा गुस्ताफ आपला बरा झालेला पक्षी पिंजऱ्यासकट बापापुढे आणून ठेवतो, तुमचा पक्षी गेला ना, म्हणून. पाद्र्याच्या भूमिकेतले बुर्गहार्ट क्लाउस्नर यांचा चेहरा त्या क्षणी जे करतो त्याला अभिनय म्हणायला जीभ वळत नाही. संपूर्ण चित्रपटात न हललेली एक शीर तेवढी गालावर हलते. ज्याने पोटच्या मुलांना निष्पापतेची आठवण राहावी म्हणून पांढऱ्या फिती बांधल्या त्याच्यापुढे निष्पापता स्वतःच्या पायांनी चालत आली आहे आणि तिचे काय करायचे ते त्याला कळत नाही. माझ्या बहिणीने तेथे पदर तोंडाला लावला. मी लावला असता तर बरे झाले असते.

शेवट चर्चमध्येच होतो. महायुद्ध सुरू झाल्याची बातमी आलेली आहे, गाव नटूनथटून जमते आहे, कॅमेरा वेदीच्या बाजूने, स्थिर. लोक आपापल्या जागी बसत जातात, वर मुले गायला उभी राहतात, आणि रांगेत बसलेले ते गाव रांगेत बसलेल्या आपल्याकडे तोंड करून असते. मग काळोख. श्रेयनामावली पूर्णपणे निःशब्द आहे. एक सूरही नाही. ती जागा प्रेक्षकांसाठी ठेवलेली आहे असे मला वाटते, आणि घरी पाहताना मला तिची किंमत कळली नव्हती. येथे ती कळण्याची संधी सात-आठ सेकंद मिळाली. मग त्याच ट्यूबलाइटी, तीच फडफड, आणि खुर्च्या गोल करा अशी सूचना.

चर्चा हे या सोसायटीचे भूषण आहे असे मला आधी सांगण्यात आले होते. निम्मे खरे आहे. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ जाणकार आहेत, फिल्म आर्काइव्ह आणि फिल्म इन्स्टिट्यूट मिळून चालवतात तो चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम त्यांनी केलेला आहे, आणि त्यांची वाक्ये व्यवस्थित असतात. अडचण अशी की प्रत्येक वाक्याला टाळे लावण्याची त्यांना सवय आहे. पहिलाच प्रश्न आला, ‘मग शेवटी केले कोणी?’ आणि त्यांनी तत्काळ उत्तर दिले, ‘मुलांनी.’ वास्तविक चित्रपटात मास्तरचा तसा संशय आहे, तो पाद्र्यापुढे मांडतो, पाद्री त्याला धमकावून गप्प करतो, डॉक्टर आणि सुईण गाव सोडून नाहीसे होतात, नाना वावड्या उठतात आणि त्यावर युद्ध येऊन पडते. एवढेच. ‘मुलांनी’ असे म्हणून मोकळे होणे म्हणजे गावाने जे केले तेच आपण करणे. एका मुलीने, बहुधा महाविद्यालयात शिकणाऱ्या, हात वर करून हे जवळपास असेच सांगितले: ‘सर, पण मास्तर म्हणतोय की त्याला माहीत नाही.’ सरांनी ‘छान मुद्दा’ असे म्हणून पुढचा प्रश्न घेतला.

चर्चा जिवंत झाली ती त्यानंतर, आणि ती सरांमुळे झाली नाही. दुसऱ्या ओळीत एक बाई बसल्या होत्या, शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या, ऐंशीच्या आसपासच्या. त्या उभ्या राहिल्या, खुर्चीच्या पाठीला धरून, आणि म्हणाल्या, ‘तुम्हाला मारताना मलाच जास्त लागते, हे वाक्य मी वर्गात म्हटलेले आहे. एकदा नव्हे, पुष्कळदा. मला ते खरे वाटत होते. आज ते जर्मनमध्ये ऐकले.’ आणि त्या खाली बसल्या. कोणी टाळी वाजवली नाही, हे या सभासदांच्या बाजूने सांगितले पाहिजे. थोड्या वेळाने एका वकिलांनी सांगितले की शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करणारे शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम आपल्याकडे २००९ सालचे आहे, म्हणजे नेमके या चित्रपटाच्याच वर्षाचे. त्यावर एक गृहस्थ म्हणाले, आम्ही छड्या खाल्ल्या म्हणून चार अक्षरे शिकलो. दुसरे म्हणाले, तेच तर पाद्री म्हणतोय. मग पंधरा मिनिटे नाझी, जर्मनी, इतिहास यांपैकी एकही शब्द आला नाही. जुनी अंगणे, पट्ट्या, कोनाड्यात ठेवलेली वेताची छडी, अंगठे धरून उभे राहणे, पंगतीतून उठवणे, आणि रात्री आईने गुपचूप आणून दिलेली भाकरी हेच येत राहिले. छडीचे कौतुक करणारी गाणी आपण सगळ्यांनी तालावर हात वाजवत म्हटलेली आहेत हे एकाने बोलून दाखवले आणि तो हसू गेला, पण कोणी साथ दिली नाही.

सरांनी या वेळी दोनदा चर्चा ‘मूळ विषयाकडे’ आणण्याचा प्रयत्न केला, म्हणजे फॅसिझमकडे. फॅसिझम हा विषय चित्रपटात आहेच, त्याच्या शीर्षकाखाली जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात ‘एक जर्मन बालकथा’ असे लिहिलेलेही येते. पण सदाशिव पेठेतल्या ७० माणसांना जर्मनीचे पाप दाखवून घरी पाठवणे फार सोपे आहे. त्यात कोणाचीच झोप उडत नाही. चर्चा कोठे धरायची आणि कोठे सोडायची याचे भान सूत्रधाराला थोडे अधिक असते तर बाईंच्या त्या चार वाक्यांनंतर ते दोन मिनिटे काहीच बोलले नसते.

पुण्यात परदेशी चित्रपट पाहायला जागा नाहीत असे मुळीच नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरचे फिल्म आर्काइव्ह आहे, जेथे माझ्या पिढीने प्लास्टिकच्या पिशवीत डबा घेऊन दिवस काढले. मॅक्सम्युलर भवनात जर्मन चित्रपट होतात, आणि जानेवारीत-फेब्रुवारीत पिफच्या, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, रांगा असतात. महोत्सवात मात्र एका दिवसात चार चित्रपट बघितले की रात्री कोणत्या देशात कोण मेले ते आठवत नाही. या सोसायटीत महिन्याला एक, तोही तासभर बोलायच्या मोबदल्यात. इतक्या कमी चित्रपटांवर इतका वेळ घालवणारी जागा मला तरी शहरात दुसरी ठाऊक नाही, आणि वर लिहिलेल्या सगळ्या तक्रारी त्याच कारणाने लिहिल्या आहेत. वाईट जागेच्या तक्रारी कोणी एवढ्या तपशिलाने करत नाही.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. दुचाकी इमारतीच्या आवारात लावू देत नाहीत. टिळक रस्त्याच्या बाजूला लावून चालत यावे. पाहुण्यांनी ५:१५ पर्यंत पोहोचावे, त्यानंतर नाव यादीत असले तरी दाराशी थांबवतात. डाव्या बाजूची पाचवी-सहावी ओळ घ्यावी. उजवीकडे झरोक्यावरची सतरंजी एका कोपऱ्यातून सुटते. मोजे घालावेत.

निघताना बहिणीने चिटणीसबाईंच्या टेबलापाशी नेऊन मला सभासदत्वाचा अर्ज हातात दिला. नाव, पत्ता, व्यवसाय, आवडते दिग्दर्शक असे रकाने भरून झाल्यावर सगळ्यांत खाली ‘सूचना’ असा अर्ध्या ओळीचा रकाना होता. तेवढ्या जागेत ‘मध्यंतर नको, दिवे उशिरा’ एवढे बसले. बाईंनी ते वाचले, चश्म्यावरून माझ्याकडे पाहिले, १२०० रुपयांची पावती फाडून दिली आणि ‘वडा आवडला नाही का?’ असे विचारले.